पडीक कोपरा एकट्याचा नसतो : गावच्या मुंबई मंडळाचे पैसे यंदा भातशेतीत घालावेत का?

देवराई_लालबाग | ५ मे २०२५, रात्री १०:४०

काल आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा झाली. लालबागच्या चाळीतली तीच खोली, जिथे गिरण्यांच्या दिवसांत आमच्या वाडीचे अठरा-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे. गाव संगमेश्वर तालुक्यात. मंडळाकडे सहा लाख शिल्लक आहेत आणि वेशीवर कमान बांधायचा ठराव पुढे आला होता. मी म्हटलं, त्यातले दीड लाख यंदाच्या लावणीला द्या. दोन तास वाद झाला, निर्णय पुढच्या सभेवर गेला. इथे कोकणातल्या बऱ्याच गावांची माणसं आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. चुकत असेन तर सांगा.

आमचा मळा ओढ्याच्या दोन्ही अंगांनी पायरीपायरीने उतरतो. साठाच्या वर कोपरे, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. माझ्या लहानपणी त्यातला एकही पडीक नव्हता. गेल्या पावसाळ्यात मी मोजले, लावलेले सतरा. बाकीच्यांत गवत आणि रानमोडीचं तण. मालक परळ, भांडुप, नालासोपारा, दिवा असे पसरलेले.

मंडळात सगळे म्हणतात, ज्याची जमीन त्याची मर्जी. भाताच्या बाबतीत हे खरं नाही. आमच्याकडे पाणी कोपऱ्यातून कोपऱ्यात उतरतं. वरचा कोपरा पडीक राहिला की त्याच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात आणि ती बुजवायला कुणी नसतं. मोठा पाऊस झाला की बांध फुटतो, लोंढा खालच्या कोपऱ्यात येतो, चिखल, खत, कधीकधी नुकता लावलेला तरवा, म्हणजे भाताची रोपंसुद्धा घेऊन जातो. पाऊस आठ दिवस उघडला की उलट होतं, वर पाणी धरून ठेवणारं कुणी नाही म्हणून खालचा कोपरा भेगाळतो. शिवाय त्या गवतात रानडुकरं राहतात. म्हणजे नालासोपाऱ्यात बसलेला माणूस काही न करताही माझ्या काकीचं भात कमी करतो. हा माझ्यावरही आरोप आहे, कारण आमच्या वाट्याचे तीन कोपरे एकोणीस वर्षं पडीक आहेत आणि ते काकीच्या बरोबर वर आहेत.

काकी अडुसष्टची. ती अजून चार कोपरे लावते. तिला विचारलं, किती येतं? म्हणाली, "पूर्वी गुंठ्याला मण व्हायचा, आता निम्मा. बियाणं बदलून बघितलं, काय फरक नाय."

माझं म्हणणं इतकंच : एकेकट्या शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी देऊन आमच्या मळ्याचं उत्पन्न वाढणार नाही. ओढ्याच्या एका अंगाचे सलग कोपरे, वरपासून खालपर्यंत, एकाच पावसाळ्यात एकत्र लावायचे. लोकांनी गणपतीला जायचं तसं दोन-तीन दिवस लावणीला जायचं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं याच दिवसांत काढावी लागतील. म्हणून घाई.

वेशीवरचा | ५ मे, रात्री ११:२५

मी त्याच सभेत होतो, कमानीच्या बाजूने बोललो. इथेही बोलतो. मंडळाची वर्गणी सगळ्या वाड्यांतून येते. बौद्धवाडीतून येते, ज्यांच्यातल्या निम्म्यांना भातजमीनच नाही. तो पैसा देवळाला, शाळेला, पाण्याच्या टाकीला लागला तर सगळ्यांचा. तुमच्या तीन कोपऱ्यांचा बांध मंडळाने का घालावा? भात पिकलं तर तुमच्या घरात जाणार. तुमच्या काकीबद्दल मला आदर आहे, पण हा प्रश्न विचारायलाच हवा.

मृगाचा_किडा | ६ मे, सकाळी ७:१०

वेशीवरचा यांचा मुद्दा रास्त आहे. उत्तर मिळालं पाहिजे.

माहेरवाशीण | ६ मे, दुपारी २:०५

मी कांदिवलीत राहते, माहेर लांज्याकडे. आई एकाहत्तरची आणि अजून लावते. पंधरा वर्षं झाली, दर जुलैला मी रजा काढून जाते. त्यामुळे हे अनुभवातून लिहिते.

पैसे, बियाणं, खत हे सगळं नंतर. आधी सांगा, लावणार कोण? आई तिच्या भरात होती तेव्हा दिवसाला दोन गुंठे लावायची. मी पहिल्या वर्षी अर्धा गुंठाही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी मला जिन्यावरून उतरता येईना. तुम्ही मुंबईची माणसं नेणार असाल तर माणशी एका गुंठ्याच्या वर हिशेब धरू नका. आणि लावणीआधी तरवा काढावा लागतो, मुठी बांधाव्या लागतात, चिखलणी झालेली असावी लागते. तुम्ही शनिवारी सकाळी पोहोचाल आणि नांगराचं जोत सोमवारी मिळेल, असं झालं तर सगळं फुकट.

दुसरं, गावात ज्या चार-सहा बाया अजून लावतात त्यांची मजुरी आधी ठरवा आणि रोख द्या. पूर्वी वारंगुळा होता. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तेव्हा पैशाची गरज नव्हती, कारण प्रत्येकीच्या घरात फेडायला दोन हात होते. आता त्या बाईने तुमच्याकडे चार दिवस घातले तर तिच्याकडे फेडायला कोण येणार? आमच्याकडे वारंगुळा मोडला तो याच कारणाने. लोक त्याला आळस म्हणतात तेव्हा मला फार लागतं.

जमीन नसलेल्यांचा प्रश्न वेशीवरचा यांनी काढला. लावणी, बेणणी (तण काढणं), कापणी, झोडणी ही कामं त्या वाडीतल्या बायाही करतात. मजुरी नीट आणि वेळेवर मिळाली तर हा पैसा त्यांच्याही घरात जातो. कमानीचा गवंडी बाहेरून येतो.

शिरगाव_पदवीधर | ६ मे, रात्री ९:३०

दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकलो, आता मुंबईत बँकेत आहे. देवराई, तुमचे कोपरे सलग लागणार असतील तर चारसूत्री पद्धत करा. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ही पद्धत लहान शेतकऱ्यासाठीच आहे, यंत्र लागत नाही.

पहिलं सूत्र, भाताचं जे आहे ते भातालाच परत : तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढ्याचा काही भाग खाचरात. राखेतून सिलिका मिळते, रोपाची काडी टणक होते आणि खोडकिड्याला सहज दाद देत नाही. दुसरं, गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलात गाडायचा. तिसरं, नियंत्रित लावणी. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरची आलटून पालटून अंतरं, एका चुडात, म्हणजे एका जागी खोचायच्या जुडीत, दोन-तीन रोपंच. आपल्या बाया सहा-सात रोपांची मूठ खोचतात, त्याने फुटवे कमी येतात. चौथं, युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या. १५ बाय १५ च्या छोट्या चौकोनात चार चूड, मध्ये एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी.

आपल्याकडे गोळीचं महत्त्व इतकं का, ते बघा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. युरिया वरून फेकला की पुढच्याच सरीला तो बांधावरून ओढ्यात. तुम्ही लिहिलेला फुटका बांध म्हणजे त्या खताची वाटच. गोळी चिखलात पुरली की नत्र मुळाशी हळूहळू सुटतं.

हिशेब : हेक्टरी ६२,५०० गोळ्या, सुमारे १७० किलो. गुंठ्याला ६२५ धरा.

जात हळवी, म्हणजे लवकर पिकणारी घ्या, कर्जत-३ चालेल. मुंबईहून माणसं येणार तर कापणी एकदम आणि लवकर व्हायला हवी. रत्नागिरी-३ सारखी गरवी, उशिरा पिकणारी जात वरच्या कोपऱ्यांत टाकू नका, पाऊस संपल्यावर तिथे ओल टिकत नाही.

कुर्ला_ते_नेरळ | ७ मे, सकाळी ८:४५

माणसंच नाहीत तर लावणी हवी कशाला? नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राइस तंत्र बघा. कायमचे गादीवाफे, लोखंडी साच्याने २५ बाय २५ वर भोकं पाडून थेट दाणे टोकायचे. नांगरणी, चिखलणी, लावणी तिन्ही नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, ती कुजून माती भुसभुशीत होते. कर्जतजवळ मामांच्या शेतात आम्ही चार वर्षं करतोय. गांडुळं डोळ्यांनी दिसायला लागली. कंबरदुखी गेली, हे मामीचं म्हणणं.

माहेरवाशीण | ७ मे, सकाळी ११:२०

आणि गवताचं काय? चिखलणी केली की गवत दबतं.

कुर्ला_ते_नेरळ | ७ मे, दुपारी १२:००

खरं आहे ताई. गवत हीच त्यातली अडचण. तणनाशक वेळेवर मारावं लागतं आणि ते मारायला माणूस जागेवर हवा. मामा तिथे राहतात म्हणून आमचं जमतं. एकोणीस वर्षांच्या रानमोडीवर पहिल्याच वर्षी हे करू नका, असं मीच म्हणेन. एकदा जमीन हाताखाली आली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दोन कोपऱ्यांत करून बघा.

खारेपाट_घाटकोपर | ७ मे, रात्री १०:१५

मी पेणकडचा. "पडीक कोपरा एकट्याचा नसतो" वाचलं आणि रात्री जेवताना आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे तर आपलं जोळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमची खाचरं खाडीच्या कडेला, भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. मधे फक्त बाहेरकाठा, म्हणजे खाडीच्या अंगाचा बांध. त्याला उघाड्या, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जातं, भरतीला दार मिटतं. या बांधाला एका जागी खांड, म्हणजे भगदाड पडलं की कुणा एकाचं शेत जात नाही, सगळ्या गावाचं जातं आणि मीठ दोन-तीन पावसाळे हटत नाही. म्हणून जोळ होतं. प्रत्येक घराने माणूस द्यायचा, भरती-ओहोटी बघून चिखलाची ढेकळं रचायची, रात्र असो की पाऊस. जो येणार नाही त्याला दंड.

पुढे खारभूमीचे कायदे आले, १९४८ चा, मग १९७९ चा. बांधाची जबाबदारी सरकारकडे गेली. चांगल्या हेतूनेच गेली, कारण दगडी काम गावाच्या ताकदीबाहेरचं होतं. पण तेव्हापासून खांड पडली की लोक अर्ज लिहायला लागले. अर्जाचं उत्तर येईपर्यंत तीन भरत्या होऊन जातात. आमच्या शेजारच्या गावात अशीच गेलेली शेकडो एकर जमीन आता कांदळवनाखाली आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या. चांगल्या आहेत, आम्ही लावतो. पण मीठ सोसणारं भातसुद्धा दर भरतीला बुडून जगत नाही.

आमचा अलिबाग-पेणचा पट्टा एकीचं काय होतं ते जाणून आहे. अलिबागजवळच्या चरी गावातला शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला. खोताला अर्धं पीक देणार नाही म्हणून लोकांनी सहा वर्षं शेतं लावली नाहीत, लाकूडफाटा विकून पोटं भरली. आबांचे वडील त्यात होते. त्यांनी हक्कासाठी शेत पडीक ठेवलं आणि आपण नोकरीपायी विसरून ठेवलं, हे माझ्या मनातून जात नाही.

देवराई, जा. नक्की जा.

जुना_सातबारा | ८ मे, सायंकाळी ६:५०

महसूल खात्यातून निवृत्त. उत्साहात कागद विसरू नका.

मुंबईकर जमीन दुसऱ्याला कसायला देत नाही त्याचं खरं कारण भीती आहे, "कूळ लागेल" ही. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, यांनी कोकणात खऱ्या कसणाऱ्याला जमीन दिली आणि ते योग्यच झालं. पण ज्यांची चार गुंठे जमीन आहे त्यांच्याही मनात तेव्हापासून धास्ती आहे. म्हणून शेत पडीक राहिलं तरी चालेल, पण भावकीतल्यालाही द्यायचं नाही.

तुमच्या योजनेत चार गोष्टी सांभाळा. जमीन मंडळाने खंडाने किंवा वाट्याने घेऊ नये. प्रत्येक मालकाने स्वतःच शेती करायची, मंडळ फक्त बियाणं, खत, नांगरणीचा खर्च उसना देईल. कायद्यात जातीने कसणे यात आपल्या देखरेखीखाली मजूर लावून कसणं बसतं, पण मजुरी पिकाच्या वाट्याने दिलेली चालत नाही. तेव्हा मजुरी रोखीने द्या आणि मंडळाची परतफेडही ठरलेल्या रकमेत ठेवा, "दहावा हिस्सा भात" असं काही लिहू नका. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबारावरची पिकाची नोंद, २०२१ पासून मोबाईलवर आहे, ती मालकाने स्वतः करावी. आणि सातबारावर जितकी नावं आहेत तितक्यांच्या सह्या घ्या. बहिणींच्यासुद्धा. त्यांना विचारत नाही आणि मग अडचण येते. पक्कं करण्याआधी गावाकडच्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

देवराई_लालबाग | १९ मे, रात्री ११:५०

काल दुसरी सभा झाली. खरं सांगतो, जुना सातबारा काकांनी लिहिलं नसतं तर मी दहाव्या हिश्श्याचाच प्रस्ताव घेऊन गेलो असतो.

ठरलं ते असं. दीड लाख नाही, ९० हजार. देणगी नाही, उसने. प्रत्येक मालक आपल्या गुंठ्यांच्या प्रमाणात डिसेंबरअखेर रोख परत करणार. गावातल्या बायांची मजुरी त्यातूनच, त्याच दिवशी संध्याकाळी. बौद्धवाडीच्या प्रतिनिधींनी मजुरीचा आकडा स्वतः मांडला आणि तो तसाच मान्य झाला. पुढल्या वर्षी पाण्याच्या टाकीचं त्यांचं मागणं कमानीच्या आधी घ्यायचं, हेही कागदावर आलं. ते आधीच यायला हवं होतं.

ओढ्याच्या डाव्या अंगाचे ११ कोपरे, ४६ गुंठे, सात मालक. सातबारावर नावं ३१. त्यातल्या २८ सह्या झाल्या. दोघं दुबईत आहेत, त्यांची संमती टपालाने येतेय. एका आत्याची सही घ्यायला मी काल विरारला गेलो होतो. तिने सही केली आणि विचारलं, "आमचा जांभळीखालचा कोपरा पण लावणार ना?" चाळीस वर्षांत तिला त्या जमिनीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

२८,७५० गोळ्या लागतील, म्हणजे ७८ किलोच्या आसपास. १४ जण येतायत, ५ आणि ६ जुलै.

शिरगाव_पदवीधर | २० मे, सकाळी ९:१०

रोपवाटिकेचा वाफा गादीसारखा उंच करा, पाणी तुंबू देऊ नका. यंदा वळवाचा पाऊस फार आहे.

देवराई_लालबाग | १५ जून, रात्री १०:२०

पदवीधर, तुमचं ऐकायला उशीर झाला. रोहिणीत धूळवाफेवर पेरायचं ठरलं होतं. २५ मेलाच मोसमी पाऊस कोकणात उतरला, धूळच राहिली नाही. सपाट वाफ्यात पाणी साचलं आणि पहिलं बी कुजलं. आठ दिवस मी फोनवर नुसता काकीचा आवाज ऐकत होतो. १२ जूनला बी भिजवून मोड आणून रहू पेरलं, उंच वाफ्यावर, खाली राख घालून. बियाण्याचा खर्च दुप्पट झाला. तो मी माझ्याकडून घातला, मंडळाच्या हिशेबात नाही.

देवराई_लालबाग | ८ जुलै, रात्री ९:००

परत आलो. हाताच्या बोटांना चिखल्या झाल्यात, म्हणून थोडक्यात.

१४ पैकी १२ जण आले. ६ तारखेला आषाढी एकादशी, निम्म्यांचा उपवास. गावातल्या सहा बाया, पॉवर टिलर शेजारच्या गावातून भाड्याने. माहेरवाशीण ताई, तुमचा माणशी गुंठ्याचा हिशेब जवळपास बरोबर निघाला. दोन दिवसांत ३३ गुंठे. पहिला दिवस दोरी धरायला शिकण्यात गेला. बाया दोन-दोन रोपं लावायला तयार नव्हत्या. "हे काय, टक्कल दिसतंय शेतात," म्हणाल्या. काकीने पहिला चूड दोन रोपांचा लावला, मग बाकीच्यांनी लावला. गोळ्या पुरायचं काम पोरांनी केलं. तरुण मुलं, आयुष्यात पहिल्यांदा चिखलात उतरलेली.

खालचे तीन कोपरे राहिले. ते १९-२० जुलैला चौघं जाऊन लावणार.

माहेरवाशीण | ८ जुलै, रात्री ९:४०

तरवा तोवर जून होईल. चुडात एखादं रोप जास्त लावा, फुटवे कमी येतील.

खारेपाट_घाटकोपर | ३० ऑगस्ट, दुपारी १:३०

गणपतीत गेला असाल. कसं आहे शेत?

देवराई_लालबाग | २ सप्टेंबर, रात्री ११:१५

वरच्या आठ कोपऱ्यांत पोटरीतून लोंब्या बाहेर येतायत. आरतीनंतर माणसं बांधावर जाऊन उभी राहतात. माझ्या वडिलांना लालबागच्या खोलीत आयुष्यभर ज्याची स्वप्नं पडायची, ते मी त्यांच्या माघारी पाहिलं. डुकरांसाठी चौघं गावकरी आळीपाळीने राखणीला बसतात.

देवराई_लालबाग | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

पूर्ण हिशेब देतो, चांगला आणि वाईट.

वरच्या आठ कोपऱ्यांची, ३३ गुंठ्यांची कापणी ११-१२ ऑक्टोबरला झाली. झोडून, वारवून, वजन करून १,१८० किलो भात. गुंठ्याला ३६ किलोच्या जवळ, म्हणजे काकीच्या भाषेत जवळपास मण.

खालचे तीन कोपरे उशिरा लागले, उशिरा पिकले. २३ ऑक्टोबरला कापले आणि वाळायला पसरले, तोच पाऊस आला. भात पडल्याजागी रुजलं. आठ गुंठ्यांतून ७० किलोही हाती आलं नाही. ती तिन्ही घरं उसने फेडू शकत नाहीत. मी सभेत त्यांना एक वर्ष वाढवून मागणार आहे. उरलेले पाच गुंठे लागलेच नाहीत, तरवा संपला होता.

हमी किंमत २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला २,३६९ रुपये. आम्ही विकलं नाही, सात घरांत वाटून गेलं. पण कुणी विचारेल म्हणून सांगतो, नुसत्या त्या भावाने मोजलं तर आमची रेल्वेची भाडी धरून हे तोट्यात आहे. 

आणि काकीचे चार कोपरे, जे या मोजणीत नाहीत. तिने नेहमीसारखीच लावणी केली, गोळ्या नाही, दोरी नाही. फक्त वरचे बांध यंदा धरलेले होते. गेल्या वर्षी गुंठ्याला १९ किलो होतं, यंदा २८.

शिरगाव_पदवीधर | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. पेंढा सगळा गुरांना देऊ नका, थोडा खाचरात परत जाऊ दे.

वेशीवरचा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मुदतवाढीला माझा पाठिंबा, सभेत मीच मांडतो. खालच्या तीन कोपऱ्यांचे बांध पावसाआधी दगडाने भरून घ्यावे लागतील, खेकड्यांनी पोखरलेत. २४, २५, २६ जानेवारी सलग सुट्टी आहे. मी पाच जणांची तिकिटं काढतोय. शनिवारपर्यंत नावं कळवा.